पेज कुणी आणली होती

आमचं कर्जतचं घर स्टेशनच्या अलीकडच्या आळीत होतं. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीला लागून न्हाणी आणि कुंपणाशी शेवग्याचं झाड. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिन जोडत ते आमच्याच स्टेशनात, त्यामुळे दिवसभर डब्यांवर डबे आदळल्याचे आवाज यायचे. मग पुढचं इंजिन लांब शिट्टी द्यायचं आणि मागचं आखूड शिट्टीने त्याला उत्तर द्यायचं. पाहुणे दचकायचे, आम्हाला मात्र त्याशिवाय करमायचं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर होते. त्यांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना भाऊकाका म्हणायचो, बापूसाहेबांच्या लाकूड-कोळशाच्या वखारीत कारकून होते. बापूसाहेब हे गावातलं मोठं प्रस्थ. भाताचा व्यापार त्यांचा, वखार त्यांची, धर्मशाळा त्यांच्या वडिलांनी बांधलेली. पुढे जे झालं त्यात या सगळ्यांचा हात आहे, म्हणून त्यांची ओळख आधीच करून देते.

थंडीत भात निघालं की त्याच रानात वाल यायचे, आणि मग आमच्याकडे दिवसाआड बिरडं असायचं. भिजवून मोड आणलेल्या वालांची टोपली पडवीत मधोमध ठेवून सगळं घर सोलायला बसायचं. अंगठ्याने दाबलं की साल सुटून दाणा टुपकन बाहेर यायचा. बोटांना एक कडवट, हिरवा वास बसायचा आणि तो जेवतानाही जायचा नाही. सोलता सोलता भाऊकाका गोष्टी सांगायचे. नकला करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मामलेदाराचा खोकला, सोनाराची चाल, घाटात अडकलेल्या गार्डची धांदल, सगळं ते बसल्या जागी उभं करायचे. आई हसून हसून डोळे पुसायची. काका वाईट माणूस नव्हते, हे मला इथेच लिहून ठेवायचं आहे. त्यांच्याइतकं मला लहानपणी कुणी हसवलं नाही.

तापाची साथ आली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. भातं पिवळी पडायला लागली होती आणि कापायला माणसं मिळेनात. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळलेला असायचा. पहिले काही जण गेले तेव्हाच बापूसाहेब बैलगाड्या जुंपून घरच्या सगळ्यांना घेऊन पेणला सासुरवाडीला निघून गेले. ज्यांना जाणं शक्य होतं ते गेले. आमची आळी राहिली. त्यातच काकू बाळंत झाली, मुलगा झाला, आणि दोन दिवस तापात बरळून ती गेली. अण्णा, आई, काका, मी, सगळेच पडलो होतो. बाळ रडत होतं आणि त्याला उचलायलाही कुणाच्या अंगात बळ नव्हतं. आळीच्या विहिरीवरचा दोर तसाच लोंबत होता. त्या दिवसांतली शांतता मला अजून आठवते. गाड्या चालू होत्या, पण आळीत भांड्याचा आवाज नव्हता, रहाटाचा नव्हता, कुणाचं कुणाला हाक मारणं नव्हतं.

तेव्हा हाशा आणि सोमी आली. पळसदरीच्या वर डोंगराच्या सोंडेवर ठाकरांची वाडी होती, तिथली ही नवरा-बायको. एरवी ती आम्हाला लाकडाच्या मोळ्या आणि पावसाळ्यानंतर करांद्यांचे रानकंद आणून द्यायची. त्यांना पाणी लागलं तर आळीतलं कुणी तरी वरून ओतायचं आणि ती ओंजळीने प्यायची. विहिरीला त्यांनी हात लावायचा नाही असा रिवाज होता. त्या दिवशी हाशाने कुणाला न विचारता रहाट फिरवला. घागरी भरून त्याने दारोदार ठेवल्या. सोमीने आमच्या पडवीत तीन दगड मांडले, त्यावर मोठं मडकं चढवलं आणि नाचणीची पेज शिजवली. ती माझ्याजवळ बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “बाय, तोंड उघड. आमी हाय ना. पी गं, इतकीशी पी.” मी प्यायले. आई प्यायली. काका प्यायले, आणि “अजून घाल” म्हणाले. सोमीचं स्वतःचं मूल नुकतंच गेलं होतं, तिच्या अंगावर दूध होतं. तिने काकूचं बाळ छातीशी धरलं आणि ते रडायचं थांबलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते तिच्याच दुधावर राहिलं. अण्णा मात्र वाचले नाहीत. त्यांच्या घशाखाली काहीच उतरत नव्हतं. त्यांना नदीवर न्यायला हाशा आणि वाडीवरची माणसं आली, कारण आळीत खांदा द्यायला चार माणसं उभी राहत नव्हती. वाडीवरही ताप गेलाच. खाली येणाऱ्यांपैकी काही जण पुढे दिसले नाहीत. का, ते आम्ही विचारलंही नाही.

साथ सरली, माणसं परतली, विहिरीत गोमूत्र टाकलं गेलं, घरं सारवली गेली. यात मला तेव्हा वावगं वाटलं नाही, सगळेच करत होते. समोरच्या सोनारणीने आईला विचारलं, “तुम्ही काही खाल्लंत का हो त्यांच्या हातचं?” आई सरळ म्हणाली, “खाल्लं की. तुम्हीही खाल्लंत.” सोनारीण गोरीमोरी झाली. म्हणाली, “छे छे, आम्ही नुसतं पाणी घेतलं. तेही हातपाय धुवायला.” आई घरात येऊन हसली. मला म्हणाली, “इंदू, पंधरा दिवस ती बाई हात धूत होती बघ.” तिला ती गंमत वाटली. मलाही वाटली. आज वाटतं, हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. सुरुवात तिथे झाली, आणि ती कुणा पुढाऱ्याने केली नव्हती. एका साध्या, लाजलेल्या बाईने केली होती.

मग वर्षं गेली. काकूच्या बाळाचं नाव मधू ठेवलं. आईनेच त्याला वाढवलं, तो तिला मोठीआई म्हणायचा. काकांनी दुसरं लग्न केलं नाही. त्यांचा सगळा जीव मधूवर होता. वाल सोलायला आम्ही पूर्वीसारखेच बसायचो, काका पूर्वीसारख्याच गोष्टी सांगायचे, आणि त्यात तापाच्या सालाचीही एक असायची. पहिल्यांदा तिच्यात हाशा होता, सोमी होती, मडकं होतं. पुढे सोमीचं दूध गळालं, मधू शेळीच्या दुधावर वाढला असं झालं. ते मला समजत होतं. पोराच्या मुंजीत, लग्नात कुणी बोट दाखवू नये एवढीच त्यांची धडपड होती. आईही गप्प बसली. नंतर बापूसाहेब आले गोष्टीत. त्यांनी म्हणे पेणहून तांदळाची गाडी पाठवली होती आणि ठाकरांनी ती फक्त दारोदार पोचवली. नंतर गाडीबरोबर ते स्वतःही आले. धर्मशाळेच्या भिंतीत एक दगड बसवला गेला, साथीच्या काळात बापूसाहेबांनी गाव जगवलं असं त्यावर कोरलेलं. त्या समारंभाला काकांनी भाषण केलं आणि लोक रडले. आळीतल्या ज्या बायांनी सोमीच्या हातून पेज घेतली होती, त्याही पदराने डोळे टिपत होत्या. मी आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

ठाकरवाडीच्या वरचं रान बापूसाहेबांना कोळशाच्या भट्ट्यांसाठी हवं होतं. वाडी मध्ये होती. ठाकर पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होते, नाचणी पिकवत होते, आणि हलायला तयार नव्हते. त्या सुमाराला बाजारात कुजबुज सुरू झाली. ताप आला कुठून? डोंगरातून आला. आळीत पहिलं पाऊल कुणी टाकलं? ठाकरांनी. आणि ती पेज, तिच्यात काय होतं? डोंगरात एक कडूकंद असतो. नीट शिजवून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा काढला नाही तर माणसाला भोवतो. ठाकर तो खातात हे सगळ्यांना माहीत होतं. तेवढं पुरलं. विहिरीला हात लावायची त्यांची इच्छा होती, म्हणून त्यांनी गाव आजारी पाडलं, असं माणसं बोलायला लागली. ज्यांनी आधी “आम्ही पेज खाल्लीच नाही” म्हटलं होतं, तीच माणसं आता “त्या पेजेनेच आमची माणसं गेली” म्हणत होती. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत, हे कुणालाच खटकत नव्हतं.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होते. शाळेची शेवटची परीक्षा पास झाले होते, मास्तरणीच्या शिक्षणाला पुण्याला जायचं घाटत होतं. एका दुपारी वाल सोलताना काका मला म्हणाले, “इंदू, तुला आठवतं ना, सोमीने वाटी पुढे केली आणि मी ती हाताने उडवली? मी म्हटलं, काय घातलं आहेस यात? आणि ती पळाली.” मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलणारा माणूस कसा दिसतो ते मला ठाऊक होतं. बोलताना त्याची नजर कुठेतरी थरथरते. काकांची नजर स्वच्छ होती. त्यांना ते दिसत होतं, उडालेली वाटी, सांडलेली पेज, पळणारी बाई. हातवाऱ्यांसकट ते सांगत होते. आणि सांगताना त्यांचं अंग शहारत होतं. मी घाबरले ती तेव्हा. त्याहून जास्त घाबरले ती नंतर, कारण दोन-चार दिवसांनी डोळे मिटले की मलाही ती वाटी उडताना दिसायला लागली.

मी चुलीपाशी जाऊन आईला विचारलं, “आई, खरंच पेज होती ना? काका प्यायले ना?”

आईने भाकरी थापता थापता हात थांबवला. “तूसुद्धा?” एवढंच म्हणाली. मग हात धुऊन माझ्यासमोर बसली. “हे बघ. पेजेत मीठ जास्त पडलं होतं. तू तोंड वाकडं केलंस आणि सोमी हसली. भाऊजींनी दोनदा मागून घेतली. तुझे अण्णा भिंतीकडे तोंड करून होते, त्यांच्या ओठाला तिने फडक्याने पाणी लावलं. आठवलं?” खारट म्हटल्याबरोबर मला ती चव आठवली आणि मी रडायला लागले. आई म्हणाली, “रोज एकदा मला विचारत जा. मीही तुला विचारीन. नाहीतर आपणही जाऊ.” कुठे जाऊ, ते तिने सांगितलं नाही.

वाडी हलवण्याबद्दल अर्ज झाला होता आणि चौकशीला प्रांतसाहेब येणार होते. तो दिवस जवळ आला तसे बापूसाहेब आमच्या घरी आले. ते कधी कुणाकडे जायचे नाहीत. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी, आवाज अगदी मऊ. काकांनी लगबगीने सतरंजी टाकली. आई दाराच्या आड उभी राहिली.

“वहिनी,” ते म्हणाले, “मास्तर गेले, त्याला आता एवढी वर्षं झाली. पण ते कशाने गेले, याचा तुम्ही कधी विचार केलात?”

“तापाने गेले,” आई म्हणाली.

“ताप तर तुम्हालाही होता. भाऊलाही होता. तुम्ही उठलात. मास्तरांसारखा माणूस असा जातो का?” त्यांनी काठी भिंतीला टेकवली. “मी तुम्हाला काही खोटं बोला म्हणत नाही. फक्त विचार करा. गावात तुमच्या शब्दाला मान आहे. प्रांतसाहेबांपुढे तुम्ही एवढंच सांगायचं, की ती पेज पोटात गेली आणि माझा नवरा गेला. एवढं खरंच आहे ना?”

“त्यांच्या पोटात गेलीच नाही.”

“तुम्हाला शुद्ध कुठे होती?” बापूसाहेब हसून म्हणाले. उठताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “इंदूचं पुढचं काय ठरवलंय? एवढी शिकलेली मुलगी, चांगल्या घरी पडायला हवी. लोक काय, काहीही बोलतात.” मधूच्या डोक्यावर हात ठेवून ते गेले. काठीचा आवाज आळीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

आई त्या दिवशी जेवली नाही. मला वाटलं ती घाबरली. घाबरली होतीच, पण पुढे एकदा तिने मला खरं कारण सांगितलं. म्हणाली, “क्षणभर मला त्यांचं पटलं गं. इतकी वर्षं मी देवाला विचारत होते, माझाच नवरा का. कुणीतरी पहिल्यांदा उत्तर दिलं. सोपं उत्तर. रागवायला माणूस दिला.” त्या एका क्षणाचीच तिला भीती बसली होती.

पुढचे दिवस घर श्वास धरून होतं. भरदुपारी कौलांवर दगड यायचे आणि बाहेर जाऊन पाहावं तर रस्ता रिकामा असायचा. गवळी येईनासा झाला. विहिरीवर मी गेले की बाया कळशा उचलून निघून जायच्या. त्यांच्यातल्याच एकीने जाता जाता हळूच म्हटलं, “इंदू, आईला सांग, गप्प बसायला काय जातं?” तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मला ते रागापेक्षा वाईट वाटलं. काका आईशी बोलत नव्हते. एकदाच म्हणाले, “वहिनी, बाकी काय ते बोला. मधूचं तेवढं बोलू नका. पाया पडतो.” आणि खरोखरच त्यांनी जमिनीला हात लावले.

चौकशी चावडीत झाली. उन्हाळ्याची सुरुवात होती, आत माणसांच्या घामाचा वास कोंडला होता. हाशा, सोमी आणि वाडीवरची काही माणसं बाहेर उन्हात बसली होती. सोमीचे केस पांढरे झाले होते. एकेक जण आत येऊन सांगत होता. सोनार म्हणाला, पेज हिरवट होती. एक जण म्हणाला, त्याने हाशाला विहिरीत पुरचुंडी टाकताना पाहिलं. हा मनुष्य साथीत गावातच नव्हता, पेणला होता. काका बोलायला उभे राहिले आणि त्यांनी उडवलेल्या वाटीची गोष्ट सांगितली, अशी सांगितली की चावडीत हुंदके ऐकू आले. प्रांतसाहेबांनी हाशाला विचारलं, “तू विहिरीला हात लावलास?”

“लावला साहेब.”

“कशाला?”

“मानसं तान्हेली व्हती. वर काढायला कोन नव्हतं.”

लोकांत गलका झाला. हात लावला, कबूल केलं, म्हणजे बाकीचंही आलंच, असा तो गलका होता.

मग आई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. मी तिचा हात धरला होता. ती म्हणाली, “ती पेज मी प्यायले, माझी मुलगी प्यायली, हे भाऊजी प्यायले. नाचणी आणि मीठ, दुसरं काही नव्हतं. माझे पती त्यातला घोटही घेऊ शकले नाहीत. त्यांना तापाने नेलं. इथे बसलेल्या निम्म्या माणसांना या बाईने भरवलं आहे.”

“तुम्हाला शुद्ध नव्हती असं म्हणतात,” साहेब म्हणाले.

आईने काकांकडे पाहिलं. ते मान हलवून नाही, नाही म्हणत होते. मधू दारात उभा होता. मला वाटलं, ती आता बसेल. मी मनात म्हणत होते, बस, आई, बस. मग ती म्हणाली, “मधू, इकडे ये. साहेब, हा माझ्या जावेचा मुलगा. आई गेली तेव्हा हा दोन दिवसांचा होता. ही सोमी विष घालणारी असती, तर हा वाचला नसता. हा हिच्या अंगावर पिऊन जगला आहे.”

मधूचा चेहरा पांढराफटक पडला. सोमी बाहेरून त्याच्याकडे बघत होती. तिने हात किंचित वर केला, बोलावल्यासारखा. मधू वळला आणि धावत सुटला.

प्रांतसाहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि निकाल नंतर कळवू म्हणून ते निघून गेले. निकालासाठी कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं वर आल्यावर, बाजारातून माणसं निघाली. कोयते होते, घासलेटचे डबे होते. ती आमच्याच आळीतून गेली. मी खिडकीच्या फटीतून पाहत होते आणि मला एकेक चेहरा ओळखू येत होता. रोज भेटणारी माणसं होती ती. त्यांच्यात कुणी दारू प्यायलेलं नव्हतं, कुणी आरडत नव्हतं. आपलं गेलेलं माणूस आठवून निघाल्यासारखी ती गंभीर होती. मागच्या रांगेत मधू होता. आईने दार उघडून हाक मारली, “मध्या! मागे फीर!” त्याने पाहिलं नाही. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. दुपारी पळसदरीच्या बाजूला धूर दिसला. काळा, सरळ वर जाणारा, कारण वारा अजिबात नव्हता. स्टेशनातली इंजिनं नेहमीसारख्या शिट्ट्या देत होती. आई ओटीवर बसून धुराकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणते आहे. जवळ गेले तर ती पुटपुटत होती, “नाचणी आणि मीठ. नाचणी आणि मीठ.”

मधू परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला धुराचा वास होता आणि भुवया जळाल्या होत्या. तो पाटावर येऊन बसला. आईने त्याला वाढलं. तो भराभर जेवत होता. मध्येच म्हणाला, “मोठीआई, आता कुणी काही म्हणणार नाही.” आईने त्याच्या ताटात भात घातला. शितं जमिनीवर सांडली, ती तिने वेचली नाहीत. काका भिंतीला टेकून बसले होते. त्यानंतर त्यांनी आमच्यासमोर कधी नक्कल केली नाही.

चौकशीला पोलीस आले, पण कुणी काही पाहिलं नव्हतं. वाडीवरची माणसं डोंगर ओलांडून खालापूरच्या बाजूला गेली असं कळलं. हाशा त्या धावपळीत कड्यावरून पडून मेला. आणि मग, धूर पुरता विझण्याआधीच, नवी हकिगत तयार झाली. ठाकरांनी आपल्या झोपड्यांना आपणच आग लावली, विष घातल्याचं उघडकीला आलं म्हणून पळून गेले. ही हकिगत मी मधूच्या तोंडून ऐकली. जळक्या भुवयांनी तो ती शेजारच्या मुलाला सांगत होता. आता मी म्हातारी झाले आहे. कुणी मोठ्या आवाजात पूर्वीच्या काळाबद्दल बोलायला लागलं, टाळ्या पडायला लागल्या, की मी आजही घाबरते. ते खोटं बोलत असतील म्हणून नाही. खरं मानून बोलत असतील म्हणून. आणि मी मनातल्या मनात शोधू लागते, की हे ऐकल्यावर उद्या सकाळी कोण, कुठे निघणार आहे.

त्या सालानंतर कर्जतला राहणं आम्हाला शक्य नव्हतं. मी पुण्याला शिकायला गेले, आईही माझ्याबरोबर आली. शिक्षण पुरं झालं, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी मला खालापूरला मुलींच्या शाळेवर नेमणूक मिळाली. तिथे एक तरुण ठाकरीण शाळेत लाकडं टाकायला यायची. चांगी तिचं नाव. एका दुपारी मुली घरी गेल्यावर मी तिला पाणी दिलं आणि कुठली म्हणून विचारलं.

“हितलीच. पन आमचं मूळ पळसदरीच्या वरचं.”

मी तांब्या खाली ठेवला. “सोमी म्हणून कुणी होती तुमच्यात?”

“माझी सासू. गेली ती दोन पावसाळ्यांमागं. तुमी कशा वळखता?”

“तुम्ही इकडे का आलात, तुला माहीत आहे?”

तिने खाली बघितलं. “आमच्या म्हाताऱ्यांनी गावाच्या पान्यात काय तरी घातलं व्हतं म्हनं. लई मानसं मेली. म्हून घालवलं आमाला. तवापासनं आमी कर्जतच्या बाजूला जात नाय.”

“कुणी सांगितलं तुला हे? सोमीने?”

“ती कवा बोलायचीच नाय. इचारलं का उठून जायची. पन समद्यांना ठाव हाय, बाई. आमची पोरंबी सांगतात.”

मी म्हटलं, “खोटं आहे ते. मी तिथे होते, चांगी. तुझ्या सासूने आम्हाला जगवलं. मला तिने मांडीवर घेऊन पेज पाजली आहे.”

चांगी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती खूश होईल, रडेल. तिच्या डोळ्यांत भीती आली. तिने मागे दाराकडे पाहिलं, रस्त्यावर कुणी आहे का याचा अंदाज घेतला आणि अगदी हळू म्हणाली, “काय केलं नसतं, तर जाळलं कशाला असतं आमाला?”

मी तिला ओट्यावर बसायला सांगितलं. ती बसली, पण टेकली नाही, उठायच्या तयारीत राहिली. मी तापाच्या सालापासून सुरुवात केली, विहिरीवर दोर लोंबत होता तिथून. ती ऐकत होती, पण तिची नजर सारखी दाराकडे जात होती. मी हाशाचं नाव घेतलं तेव्हा तिने हात पुढे करून मला थांबवलं.

“बाई,” ती म्हणाली, “हळू बोला.”